एक तारा देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार सर,

जुन्या नोंदींतून घराण्याचा शोध लावून देण्याच्या माझ्या कामाबद्दल तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी अशा: पैसे घेऊन घराणं 1840च्या पलीकडे नेलं नाही, वर मुंबईतल्या शोधाचे वेगळे पैसे लावले, जनगणनेच्या नोंदी उघडूनही पाहिल्या नाहीत, चर्चच्या रजिस्टरचे फोटो दिले नाहीत, आणि धर्मांतराआधी तुम्ही सामवेदी ब्राह्मण होतात, हे अहवालात लिहायला नकार दिला. शेवटी 'लेस्टरला (इंग्लंडमध्ये) बायकोचं अख्खं घराणं एका संध्याकाळी सापडलं, वसईत नुसता टाइमपास' असंही आहे. तुम्ही हे चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो. तुमचं आडनाव, गाव आणि धर्मग्राम (म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला भाग) मात्र लिहीत नाही.

आधी जनगणनेचं, कारण हे कुणी ना कुणी सारखं विचारतंच. इंग्लंडमध्ये 1841पासून घरोघरची नावं लिहिलेले कागद जपून ठेवलेत आणि शंभर वर्षं उलटली की ते खुले होतात. 1921चे 2022च्या जानेवारीत झाले. (तिथेही सगळं आलबेल नाही. 1841मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, आणि इंग्लंड-वेल्सची 1931ची जनगणना 1942मध्ये आगीत गेली.) आपल्याकडे 1872ला आणि 1881ला माणसं मोजली, तक्ते छापले आणि घरोघरचे कागद ठेवलेच नाहीत. हल्लीच्या जनगणनांचं म्हणाल, तर 1948च्या कायद्याच्या कलम 15प्रमाणे त्या नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत. ठाणे जिल्ह्याचं 1882चं गॅझेटियर मी तुम्हाला पाठवलं होतं. त्यात इथल्या ख्रिस्ती लोकांची भरपूर माहिती आहे, पण तुमचे खापरपणजोबा त्यात फक्त एका बेरजेत आहेत. तेव्हा उघडून पाहायला काही नव्हतंच, आणि त्याचे पैसेही मी लावलेले नाहीत.

राहिल्या चर्चच्या वह्या. कॅथलिक चर्चच्या 1563च्या ट्रेंटच्या धर्मसभेने लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंद ठेवणं पाद्र्यांना बंधनकारक केलं, आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे चारशे वर्षांच्या वह्या कपाटात असतील असं कुणालाही वाटेल. पण 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, मठ ओस पडले. त्या धामधुमीत काय जळालं, काय गोव्याला गेलं, काय वाळवीने खाल्लं, याचा हिशोब आज कुणी देऊ शकत नाही. तुमच्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची सगळ्यांत जुनी शिल्लक वही 1840च्या सुमाराला सुरू होते. ते मी काम घेतानाच लेखी कळवलं होतं आणि त्यावर तुमचं 'ओके, पुढे चला' आलं होतं.

आता तुम्ही पाठवलेला वंशवृक्ष. वेबसाइटवरच्या त्या झाडात तुमच्या खापरपणजोबांचं वय मृत्यूच्या नोंदीशी दोन वर्षांनी जुळत नव्हतं, आणि तुम्ही ते पाद्र्याच्या माथी मारलं होतं. वहीत त्याच आईबापांची दोमिंगोस नावाची दोन मुलं निघाली. पानावर शाई दुसऱ्या बाजूने उमटलेली, तारीख आकड्यांत नाही तर पोर्तुगीज शब्दांत, बापाच्या नावाची दोनच अक्षरं आणि वर एक शेपूट. पहिला दोमिंगोस काही महिन्यांतच वारला. दफनाच्या वहीत त्याची एका ओळीची नोंद आहे. पुढचा मुलगा झाला तेव्हा त्याला तेच नाव ठेवलं, तशी रीतच होती. धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) दोन्ही मुलांचे वेगळे, त्यावरून गुंता सुटला. तुमचे खापरपणजोबा दुसरे. वेबसाइटने थोरल्याचा जन्म धाकट्याला चिकटवला होता. तुम्ही 'टाइमपास' म्हणता ते मुख्यतः हे काम.

मुंबईचा खर्च लग्नाच्या नोंदीचा. लग्न सहसा मुलीच्या धर्मग्रामात लागतं आणि तुमच्या खापरपणजी मुंबईच्या. मुंबईत 1794पासून कॅथलिकांच्या दोन सत्ता शेजारीशेजारी होत्या: काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे, म्हणजे पाद्रुआदोची (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची), तर काही प्रोपगांडाची, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार खात्याची. हे भांडण 1928मध्ये मिटलं. त्यामुळे घराजवळच्या चर्चमध्ये नोंद नाही म्हणजे लग्नच झालं नाही, असं होत नाही. पलीकडच्या गोटातल्या चर्चमध्येही शोधावं लागतं, आणि तिथेच ती सापडली. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फेरी आणि वेगळी फी लागते. तो आकडा तुम्हाला आधी सांगून, तुमचा होकार घेऊनच पुढे गेलो.

फोटोंचं म्हणाल तर वही चर्चची आहे, माझी नाही. एका पानावर तुमच्या घराबरोबर शेजारच्या चार घरांच्या नोंदी असतात आणि त्यात बापाचं नाव नसलेलं मूलही असतं. प्रमुख धर्मगुरू सही-शिक्क्याचा उतारा देतात, तो तुम्हाला मिळालाय. चोरून मोबाइलवर फोटो काढणारे आहेत, मला माहीत आहे. असल्या लोकांमुळेच दोन ठिकाणी आम्हाला आता वही हातातही देत नाहीत.

सामवेदींचा मुद्दा तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलाय असं दिसतं. वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजात ही परंपरा ठाम आहे, मी तिला खोटी म्हटलेलं नाही. पण तुमच्या एकाही नोंदीत जातीचा उल्लेख नाही. नाव, आईबाप, गाव, धर्मपिता-धर्ममाता, बस्स. आडनावावरूनही मागे जाता येत नाही. लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून आलेली, त्यामुळे एका आडनावाची दोन घरं नात्यातली असतीलच असं नाही. म्हणून तुमच्या वडिलांनी सांगितलेलं सगळं 'कौटुंबिक परंपरा' या सदरात त्यांच्याच शब्दांत घातलंय. त्याच्यापुढे 'सिद्ध' हा शब्द मी लिहिणार नाही, दुप्पट पैसे दिलेत तरी. तुमच्या नातवाने उद्या तो अहवाल उघडला तर कागदावर काय होतं आणि ऐकीव काय होतं, हे त्याला वेगळं कळलं पाहिजे.

कुणी म्हणेल, पुण्याच्या पेशवे दफ्तरात प्रांत वसईचे मोडी कागद आहेत, ते का नाही पाहिले? तिथे एखाद्या खातेदाराचं नाव लागेलही. पण तो तुमचाच पूर्वज हे दाखवायला मधल्या काळाचा एकही कागद हाताशी नाही. नुसतं नाव जुळतंय म्हणून पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

फी परत मागितलीत. फी शोधाची असते, आणि शोध झालाय. ती परत देणार नाही. बापाकडची बाजू माझ्या लेखी संपली. तुमच्या आजीच्या माहेरचा धर्मग्राम मात्र वेगळा आहे आणि तिथल्या वह्या बऱ्याच मागे जातात. त्यासाठी मला पैसे द्यायचीही गरज नाही. इथे राहणाऱ्या तुमच्या चुलत भावाने आजीचा मृत्यूचा दाखला जोडून तिथल्या प्रमुख धर्मगुरूंकडे अर्ज करावा. कुटुंबातल्या माणसाला उतारा लवकर मिळतो. पोर्तुगीज वाचता आलं नाही तर पाठवा, तेवढं मी वाचून देईन. तुमच्या मूळ उताऱ्यांचं पाकीट ऑफिसात ठेवलंय. भावाला रविवार सोडून कधीही पाठवा, येताना ओळखपत्र आणायला सांगा.