मामा, विमानाला डायनॅमो लावून भागत नाही

पेडण्याचा आमचा मामा एरवी देवळातल्या पूजेचे फोटो नि पावसाचे इशारे पाठवतो. परवा त्याच्याकडून हे आलं: 'येत्या चवथीपासून मोपा-मुंबई विजेचं विमान! भाडं फक्त 500 रुपये. इंधनाचा थेंब लागत नाही, उडता उडता पंख्यानेच बॅटरी चार्ज होते. प्रदूषण शून्य. तेल कंपन्यांनी दाबून ठेवलेलं तंत्रज्ञान!' मोपा म्हणजे गोव्यातला विमानतळ, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. मी हसून सोडून दिलं असतं. पण मामाने मुंबईच्या मावशीला फोन करून सांगितलं, यंदा रेल्वेच्या तिकिटांची घाई करू नको. म्हणून हा खटाटोप.

आधी तो पंखा. मामाच्या जुन्या सायकलला डायनॅमो होता. रात्री घरी येताना तो टायरला टेकवला की घर्रर्र सुरू, दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं. चढावर तर मामा दिवा बंद करून अंधारातच सायकल रेटायचा, हे तोच सांगतो. विमानाचंही तेच. वाऱ्याने पंखा फिरवून वीज काढली की विमानाला तेवढी ओढ बसते, आणि ती भरून काढायला मिळालेल्या विजेपेक्षा जास्त वीज जाते. खाली उतरताना थोडी परत मिळते, हे कबूल. चोर्ल्याच्या घाटात विजेच्या गाडीलाही मिळते. पण ती वर चढताना आपणच खर्च केलेली असते, तीही सगळी परत येत नाही.

आता 'थेंब लागत नाही'. एक किलो विमान-इंधनात सुमारे 12 युनिट ऊर्जा असते, एक किलो बॅटरीत जेमतेम पाव युनिट. विजेची मोटर इंजिनापेक्षा खूप काटकसरी, हे धरूनही फरक पंधरा पटींच्या आसपास राहतो. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची.

हे मी म्हणतो म्हणून नको मानू. स्वीडनची हार्ट एरोस्पेस नावाची कंपनी 19 आसनांचं निव्वळ विजेचं विमान करणार होती. सप्टेंबर 2022 मध्ये तिनेच तो आराखडा बाजूला ठेवला आणि 30 आसनांचं हायब्रिड जाहीर केलं: नुसत्या विजेवर 200 किलोमीटर, इंधनाच्या जोडीने 400. हेही कागदावरचे आकडे. मोपा-मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढंच पडतं. म्हणजे ज्यांचा धंदाच विजेच्या विमानाचा, त्यांनीही टाकी ठेवली. आणि आमच्या फॉरवर्डमध्ये थेंबसुद्धा नाही!

अर्धं खरं आहे ते देऊन टाकतो. पिपिस्ट्रेल नावाच्या कंपनीच्या विजेच्या विमानाला युरोपात जून 2020 मध्ये रीतसर प्रमाणपत्र मिळालं. दोन आसनं, फार तर 50 मिनिटं, शिकाऊ वैमानिकांसाठी. आणि लहान पल्ल्याला हायब्रिड ही कल्पना खुळचट नाहीच: उड्डाण आणि चढाईला जोर जास्त लागतो, तेवढ्यापुरती मोटरची मदत घेतली की इंजिन लहान चालतं. होईल कधीतरी. चवथीला नाही.

500 रुपयांचं काय? इटलीच्या टेक्नामने आपलं विजेचं प्रवासी विमान 2023 मध्ये बासनात गुंडाळलं, कारण काहीशे फेऱ्यांत बॅटरी बदलावी लागली असती. तो खर्च कोणाच्या तिकिटात घालणार? प्रदूषण शून्य म्हणशील, तर गोव्याला बरीचशी वीज येते ती कोरबा, विंध्याचलच्या कोळशावरून. तेल कंपन्यांच्या कटाबद्दल मी बोलणार नाही, जेवायची वेळ झाली.

मामा, रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि चवथीच्या गाड्या बघता बघता भरतात. मावशीला तूच फोन कर. मी केला होता; ती म्हणाली, "पण दादा म्हणाला ना, विमान येतंय म्हणून."