पेट्रोल आसा मरे!

आमच्या बाबांची येझदी रोडकिंग मोटरसायकल 1983ची. गोवा घटकराज्य झालं 1987ला, म्हणजे गाडी राज्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि तिला तसाच मान द्यायचा, असं बाबांचं म्हणणं. म्हैसूरचा कारखाना 1996ला बंद झाला त्याचं सुतक ते अजून पाळतायत. यंदा मे महिन्यात मी तिचं सगळं केलं, कार्बोरेटर धुतला, प्लग नवा घातला, आणि पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणाच्या आत वायसर म्हणून बसवला, इतका फिट की मलाच माझं कौतुक वाटलं.

जूनपासून नाटक सुरू. फोंड्याहून पणजीला निघायचं, फर्मागुडीचा चढ मस्त चढणार, मागे दोन सायलेन्सरमधून निळा धूर आणि मंगेशी आलं की फट् फट् फुस्स. रोज मंगेशी! आई म्हणाली, देवाला नारळ ठेव. ठेवला. दुसऱ्या दिवशी टाकी फुल करून निघालो तर म्हार्दोळलाच बंद, म्हणजे एक किलोमीटर आधीच. आई म्हणाली, आता म्हार्दोळची म्हालसा रागावली, तिथे नको होता का ठेवायला?

बंद गाडीशेजारी हेल्मेट काढून उभं राहिलं की गोव्यात मदत मागावी लागत नाही. पहिला आला पायलट (आमच्याकडे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात, विमानवाला कशाला थांबेल). त्याने झाकण उघडून आत बघितलं, गाडी हलवली, डबक डबक आवाज ऐकला, म्हणाला, ‘पेट्रोल आसा मरे!’ (पेट्रोल आहे की!) मग किक शोधायला लागला. येझदीला किक आणि गिअर एकच दांडा, हे कळेपर्यंत त्याची पाच मिनिटं गेली. मग प्लग काढून शर्टाला पुसला, परत लावला, एका किकमध्ये चालू. मी त्याला चहा पाजला.

पुढच्या वेळी कुंडईचा मेस्त. झाकण उघडलं, ‘पेट्रोल आसा’, मग पॉइंटचा गॅप बघितला, 0.4 मिलिमीटर पाहिजे म्हणाला, पॉलिश पेपर मारला, चालू. तिसऱ्याने झाकण उघडून बोट बुडवून वास घेतला, तू पेट्रोलात ऑइल जास्त घालतोस म्हणाला (लिटरला 40 मिली घालतो हो, जन्मापासून तेवढंच घालतोय), आणि कंडेन्सर बदलला. चालू. प्रत्येक जण बरोबरच ठरायचा आणि दुसऱ्या दिवशी मी परत मंगेशीला उभा. मंगेशीच्या फुलवाल्या काकी तर हल्ली लांबूनच विचारायच्या, ‘आयलो?’

चवथीच्या दोन दिवस आधी बाबा मागे बसले, मांडीवर माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांची) पिशवी. वाटेत एकदा थांबून झाकण उघडून पेट्रोल बघितलं आणि त्या दिवशी बाणस्तारीच्या पुलापर्यंत तरी पोचलो. तिथे बंद. बाबा उतरले. ना प्लग, ना पॉइंट. कान टाकीला लावला, म्हणाले, ‘झाकण उघड. हळू.’

सूंऽऽऽ. टाकीने एवढा लांब श्वास घेतला की मागचा स्कूटरवाला दचकला.

‘खोबरेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का रे? दुसरं पाडावं लागतं हवेला. ह्या झाकणाला भोक आहे, ते बुजलंय. पेट्रोल खाली जाईना, कार्बोरेटर कोरडा. आणि जो तो पेट्रोल बघायला झाकण उघडायचा तेव्हा ती आपोआप बरी व्हायची.’ म्हणजे तीन महिने माझे पैसे नुसतं झाकण उघडायचे गेले!

बाबांनी स्क्रूड्रायव्हर घालून माझा गोल वायसर बाहेर काढला, उजेडात धरला. ‘हे कुठल्या गाढवाने बसवलं?’

‘मेस्ताने असेल.’

‘कुठल्या?’

‘त्या... कुंडईच्या.’

‘वळव गाडी,’ बाबा म्हणाले, ‘विचारूया त्याला.’

त्या दिवशी कुंडईपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही.