कशाला लावून खाणार?

काल संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेरच्या एका पोळी-भाजी केंद्रावर, सहा-सात लोकांच्या समक्ष, माझा उपास जाहीर झाला. मी कसलाही उपास धरलेला नव्हता. मला फक्त भाजी हवी होती.

सव्वा महिना झाला, मी कीटो करतेय, म्हणजे पोळी-भात-साखर बंद, तूप-पनीर-अंडी चालू. त्यातही आळशी कीटो. इंग्रजीत त्याचं नावच ‘लेझी कीटो’ आहे, मी ठेवलेलं नाही. चरबी किती, प्रथिनं किती हे त्रैराशिक मांडायचं नाही. कार्ब्ज, म्हणजे साखर आणि पिठूळ पदार्थांतली कर्बोदकं, तेवढे दिवसाला २० ग्रॅमच्या आत ठेवायचे, बाकी देवावर हवाला. पहाटे उठून डबे, मग गाडी, मग ऑफिस, मग परत गाडी, एवढ्यात याहून जास्त गणित बसत नाही. एका बऱ्यापैकी पोळीत १५-२० ग्रॅम कार्ब्ज असतात. म्हणजे एका पोळीत माझा दिवस संपला. ती एक पोळी मी खात नाही. सकाळी सोळा लाटते, संध्याकाळच्या दहा विकत आणते, आणि खात नाही.

तर काल.

“मावशी, पोळ्या दहा. आणि एक नुसती भाजी.”

“भाजीबरोबर पोळ्या किती?”

“पोळ्या घरच्यांना. भाजी मला. नुसती.”

“म्हणजे भाताशी खाणार.”

“भात पण नको.”

मावशींच्या हातातला डाव हवेतच थांबला. त्याच्या टोकावरून फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा टपटप पातेल्यात पडत होता, तो मला अजून दिसतोय. मागे तव्यावर पोळी फुगली आणि बसली. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, “मग भाजी कशाला लावून खाणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आपल्याकडे भाजी ही लावून खायची वस्तू आहे. नुसती भाजी चमच्याने खाणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर पोळ्या संपल्यावर जेवायला बसलेली घरातली बाई असतो.

मी विषय बदलला. “बटाटा नसलेली कुठली आहे?”

“मटकीची उसळ.”

“कडधान्य नको.”

“पालक आहे. डाळ घातलेला.”

“मेथी?”

“पीठ पेरून.”

“भेंडी?”

“ती साडेसहालाच संपते.”

कोबीत बटाटा, वांग्यात बटाटा, फ्लॉवरमध्ये तर फ्लॉवर शोधावा लागतो. उरलेल्या भाज्यांत गुळाचा खडा. मागे रांग वाढत होती. मी घाईघाईने म्हटलं, “मावशी, मी सध्या धान्यच खात नाही हो.”

बस्स. मावशींचा चेहरा उजळला. “अहो ताई, उपास आहे असं आधी नाही का सांगायचं!” आणि आत वळून, फलाट क्रमांक पाचवरही ऐकू जाईल अशा आवाजात: “उपासाची खिचडी एक! ताई थांबल्यात!”

“उपास नाही,” मी म्हटलं. “कीटो आहे.”

“कुठल्या देवाचा?”

आता मला सांगायचं होतं की हा देवाचा नाही, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा. १९२१ साली तिथल्या रसेल वाइल्डर नावाच्या डॉक्टरांनी फेफरं येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला, नावही त्यांनीच दिलं. शरीराला साखर मिळाली नाही की यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू बराचसा त्यावर चालतो. पण मागे गिऱ्हाइकं तिष्ठत असताना, खांद्याला ऑफिसची बॅग आणि हातात छत्री धरून हे सांगणं अवघड असतं. शिवाय फेफरं म्हटलं असतं, तर कुणीतरी कांदा शोधायला धावलं असतं.

माझ्या मागच्या गृहस्थांनी सूत्रं हाती घेतली. सफारी, बगलेत पेपर, हातात रिकामा डबा. “मंगळवार आहे ना आज. गणपतीचा असेल.” मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात: “कीटो म्हणालात का? आमचे साडू करायचे. गेले.”

“अरे बापरे. कशाने?”

“रिक्षाने उडवलं. पण कीटो चालू होतं.”

रांगेतून हळहळ उमटली. एक कॉलेजची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “केस गळतात त्याने.” मावशी म्हणाल्या, “वीस वर्षं पोळ्या विकतेय, माझ्या पोळीने कुणाला काही झालेलं नाही.” कुणी तसं म्हटलंच नव्हतं. पण ‘नको’ म्हटलं की आपल्याकडे तो पदार्थाचा अपमान होतो आणि मग पदार्थाच्या बाजूने साक्षीदार उभे राहतात.

खरं तर हे खूळ कीटोच्याही आधीचं. विल्यम बँटिंग नावाच्या एका लठ्ठ लंडनकराने डॉक्टरच्या सांगण्यावरून पाव, साखर, बटाटा आणि बिअर सोडली आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिका काढली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला ‘बांता’ म्हणतात. या माणसाचा धंदा काय? अंत्ययात्रांची व्यवस्था. साडूंची गोष्ट ऐकून मला तोच आठवला.

तेवढ्यात खिचडी आली. गरम, वर खोबरं-कोथिंबीर, दाण्याचं कूट सढळ, आणि अर्थातच बटाटा. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला शुद्ध स्टार्च. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कार्ब्ज. पोळीला घाबरून पळालेल्या माणसाच्या हातात पोळीचा मोठा भाऊ. मी म्हटलं, “मावशी, हे मला चालत नाही.”

“यात कुठे धान्य आहे?”

बाई बरोबर बोलत होत्या. हेच जास्त लागलं.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हटलं, “त्यापेक्षा वाटीभर तूप द्या.” कीटोला तूप चालतं, नव्हे, लागतंच.

“कशावर?”

“नुसतं.”

सफारीवाल्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी सफारीवाल्यांकडे पाहिलं. मी खिचडीचे पैसे दिले आणि निघाले.

शेअर रिक्षात मांडीवर ती गरम पिशवी घेऊन बसले आणि मग मात्र राग आला. मावशींचा नाही. सासऱ्यांना साखर निघाली तेव्हा दोन दिवसांत अख्खं घर बिनसाखरेच्या चहावर गेलं. नवऱ्याने जिम लावलं तेव्हा रोज चार अंडी कोण उकडत होतं? माझं मात्र ‘तुझं ते सध्याचं’. पनीर आणलं की किती झाले म्हणून विचारतात. आंब्याची पेटी आणली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून मी आनंदाने सांगायला गेले, तर मुलगा म्हणाला, “ते पाणी असतं, आई.” खरंय. साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ते आधी जातं. पण एक दिवस थांबून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? डब्यातलं पनीर दुपारपर्यंत खोडरबर होतं, त्यावर तुपाचा पांढरा थर बसतो, आणि गाडीत उकडलेलं अंडं सोलावं तर चौथ्या सीटवरची बाई पदर नाकाला लावते. हे सगळं मी सहन करतेय ते पाण्यासाठी?

घरी खिचडी सगळ्यांनी मिळून संपवली. मला दह्यात काकडी. “मस्त होती गं,” नवरा म्हणाला, “अधूनमधून आणत जा.”

आज संध्याकाळी मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवरून चालले होते. उपयोग झाला नाही.

“ताई! सुटला का उपास?”

रिक्षाची रांग वळून बघायला लागली. मी म्हटलं, “सुटला.”

“मग आज बारा ना?”

“दहाच.”

मावशींनी दहा मोजल्या, वर दोन ठेवल्या, दोन्हींवर बोटाने तूप फिरवलं आणि पुडकं बांधलं. पैसे बाराचे घेतले. तुपाचे वेगळे.