चार चौकटी भरा, गुण घ्या

बीबीएच्या पोरांना स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकवायला निघालेल्या सर-मॅडमांनो, अजिबात घाबरू नका. परवा इंदुरातल्याच एका कॉलेजात मुलांची प्रेझेंटेशनं ऐकायचा योग आला. कंपन्या वेगवेगळ्या, पण स्ट्रेंग्थ सगळ्यांची एकच: 'गुड क्वालिटी अँड ब्रँड नेम'. गुणही सगळ्यांना भरभरून. इतकं सोपं काम आहे.

सुरुवात स्वॉटने करा, म्हणजे कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी नि धोके. फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलं की चार चौकटी तयार. कंपनीच्या आतलं काय (बलस्थानं, उणिवा) नि बाहेरचं काय (संधी, धोके), या भानगडीत पडू नका. 'कंपनी उद्या बंद पडली तरी ही गोष्ट बाजारात उरेल का? उरली तर ती बाहेरची', ही कसोटी पोरांच्या कानावर गेली तर अर्धी स्लाइड पुसावी लागेल. 'ऑनलाइन विक्री सुरू करणे' खुशाल संधीच्या चौकटीत लिहू द्या. ती संधी नाही, निर्णय आहे, असं म्हणालात की कुणीतरी विचारेल, 'मग हाच का?' आणि तुमचा चहा चुकेल.

मायकेल पोर्टर या प्राध्यापकाचे पाच फोर्सेस (आपसातली स्पर्धा, नवे स्पर्धक, पर्यायी वस्तू, ग्राहकांचा जोर नि पुरवठादारांचा जोर, म्हणजे सप्लायर पॉवर) पाठ करून घ्या. 1979 साली त्याने ते मांडले अख्ख्या उद्योगासाठी, एका कंपनीची कुंडली मांडायला नव्हे. पण हे गुपितच राहू द्या.

केस फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅकचीच द्या. 'डिजिटलकडे दुर्लक्ष केलं म्हणून बुडाले', विषय संपला. 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसनने बनवला होता, आणि त्याच फिल्मच्या धंद्यातली फुजीफिल्म एलसीडीच्या फिल्म नि सौंदर्यप्रसाधनांत शिरून टिकली, हे काढलंत तर रात्री तुम्हालाच वाचत बसावं लागेल.

ग्रुप सहा जणांचा. एक बोलेल, बाकीचे भिंतीला टेकतील.

बीसीजी मॅट्रिक्स, म्हणजे बाजारातला वाटा नि बाजाराची वाढ बघून धंदे चार चौकटींत बसवणारा तक्ता, मात्र सोडू नका, त्यात गाय आणि कुत्र्याची चित्रं टाकता येतात. स्लाइडवर इंदूरचे तीन शेववाले, आणि तिघेही 'स्टार', म्हणजे वाढत्या बाजारातले अव्वल! कशावरून? 'सर, खूप खपते.' अहो, आडव्या अक्षावर खप नसतो! तिथे असतो सापेक्ष वाटा, म्हणजे आपला वाटा भागिले सर्वांत मोठ्या स्पर्धकाचा वाटा. आपला 20 टक्के नि त्याचा 40, तर आपण 0.5 वर, तो 2 वर. रेघ 1 ची. एका बाजारात दोन जण 1 च्या पुढे जाऊच शकत नाहीत, हे सातवीचं गणित आहे. उभ्या अक्षावरही बाजाराची वाढ मोजायची, आपल्या गल्ल्याची नाही. आणि मुळात बाजार कोणता? इंदूर, अख्खा माळवा, की देशभरातलं पाकीटबंद नमकीन? ते ठरल्याशिवाय एक टिंबही ठेवता येत नाही. इंदुरातला तारा देशाच्या बाजारात मोजला की 'प्रश्नचिन्ह' (बाजार वाढता, पण वाटा कमी) होतो. पोरांचं सोडा, ज्याने गुण दिले त्याने तरी एक भागाकार करून बघायचा होता!

स्लाइडा कुठून उतरवल्या ते विचारू नका. शेवटी 'थँक यू' आहे ना, झालं.

जरा लाज बाळगा हो. तुमच्या वर्गात सियागंजातल्या, इंदूरच्या घाऊक बाजारातल्या, दुकानदारांची पोरं बसतात. उधारी किती दिवस चालते, कोणता व्यापारी रोखीशिवाय माल सोडत नाही, कुठला माल ठेवणं परवडत नाही, हे त्यांना गल्ल्यावर बसून कळलेलं असतं. त्यांना तुम्ही 'सप्लायर पॉवर: मीडियम' लिहायला शिकवता? शहरातला एक धंदा घ्या. एका पानावर आकडे द्या: विक्री, मार्जिन, उधारी, शेजारच्याचे भाव. तीन पर्याय काढायला लावा, त्यातला एक निवडायला लावा, आणि उरलेले दोन का सोडले ते आकड्यांनिशी लिहून घ्या. गुण त्या कारणांना द्या, चौकटींना शून्य. तपासायला वेळ लागेल म्हणता? लागू दे. पगार त्याचाच घेता.