टस्कीगी खरं निघालं म्हणून चांद्रमोहीम खोटी ठरत नाही

"टस्कीगी खरं निघालं, आता चांद्रमोहीम खोटी होती हेही सिद्ध होणार" असा मेसेज फिरतोय. पहिलं खरंय, दुसरं त्यातून निघत नाही. टस्कीगी म्हणजे अमेरिकेतल्या त्या गावातला प्रयोग: १९३२ ते १९७२ अमेरिकेच्या आरोग्य खात्याने सिफिलिस हा लैंगिक आजार झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं, त्यावरचं औषध पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, वाचून आजही संताप येतो. पण ते उघड कसं झालं बघा ना, खात्यात काम केलेल्या पीटर बक्सटननेच माहिती पत्रकारापर्यंत पोचवली, आणि या प्रयोगाचे रिपोर्ट तर आधीपासून मेडिकल जर्नलमध्ये छापून येत होते. म्हणजे एखादी गोष्ट बनाव आहे असा अंदाज बांधायचा तर असा माग, म्हणजे आतला माणूस किंवा कागद, आहे का ते बघावं लागतं. अपोलो या चांद्रमोहिमेवर जवळपास ४ लाख माणसं राबली, बनावाचा एक कागद बाहेर आला नाही, उलट चंद्रावरून आणलेले ३८२ किलो दगड-माती कितीतरी देशांतल्या शास्त्रज्ञांनी तपासलीय.