डाउडिंग यांची उचलबांगडी: एका सविस्तर आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईत, ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे (फायटर कमांडचे) प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांना मी माझ्या लेखात हुतात्म्याच्या पंगतीला नेऊन बसवले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. रडार शास्त्रज्ञ वॉटसन-वॅट यांचे, पराक्रम वैमानिकांचा आणि डाउडिंग केवळ योगायोगाने त्या खुर्चीत होते. रात्रीची बॉम्बफेक त्यांना रोखता आली नाही, हाताखालच्या दोन सेनानींचे भांडण मिटवता आले नाही, शिवाय वयही उलटले होते, त्यामुळे नोव्हेंबर 1940 मध्ये त्यांना हलवले ते योग्यच झाले, असे आपण म्हणता. यातला काही भाग मला मान्य आहे. योगायोगाचा दावा मात्र मुळीच मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डाउडिंग सप्टेंबर 1930 मध्ये ब्रिटिश हवाई दलाचा कारभार पाहणाऱ्या हवाई परिषदेवर पुरवठा आणि संशोधन या खात्याचे सदस्य झाले. पुढच्याच महिन्यात आर-101 हे प्रचंड हवाई जहाज, पुरेशा चाचण्या न होताच, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीकडे निघाले आणि 5 ऑक्टोबरला फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून 48 माणसे दगावली. त्या उड्डाणाला जी संमती मिळाली तिच्यात नव्याने आलेल्या डाउडिंग यांचाही वाटा होता. आपण त्यांच्याविरुद्ध हा मुद्दा काढला असता तर तो अधिक बोचला असता! प्रत्यक्ष पडताळा आल्याशिवाय कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, हा त्यांचा पुढील काळातला खाक्या या अपघातातूनच पक्का झाला असावा, असे मला वाटते. वॉटसन-वॅट यांनी रेडिओ लहरींनी विमान हुडकण्याची कल्पना कागदावर मांडली, तेव्हा डाउडिंग यांनी पैसे देण्याआधी प्रयोग दाखवायला सांगितले. 26 फेब्रुवारी 1935 रोजी डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकाजवळून एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान उडवण्यात आले, त्याच्यावरून परतलेल्या लहरी यंत्रावर दिसल्या, आणि मग निधीची वाट मोकळी झाली. हरिकेन आणि स्पिटफायर या दोन्ही विमानांची मागणीपत्रे निघाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

जुलै 1936 मध्ये फायटर कमांड स्थापन झाले आणि डाउडिंग त्याचे पहिले प्रमुख झाले. शोधाचे श्रेय वॉटसन-वॅट यांनाच आहे, पण किनाऱ्यावरच्या केंद्रातील पडद्यावर उमटलेली खूण हवेतल्या वैमानिकाच्या उपयोगाची बातमी कशी व्हायची, हा प्रश्न शोधकाचा नव्हता, सेनापतीचा होता. अनेक केंद्रांकडून एकाच टोळधाडीची वेगवेगळी माहिती येई. ती बेंटली प्रायरी येथील मुख्यालयात पडताळून, गाळून नकाशाच्या टेबलावर मांडली जाई, तिथून ग्रुपकडे (देशाचा एकेक विभाग सांभाळणाऱ्या मुख्यालयाकडे) आणि ग्रुपकडून सेक्टरकडे (त्या विभागातल्या एकेका भागाच्या केंद्राकडे) जाई, आणि सेक्टरचा नियंत्रक वैमानिकाला रेडिओवरून दिशा आणि उंची सांगे. त्या काळची रडार केंद्रे समुद्राकडे तोंड करून होती. विमाने किनारा ओलांडून आत आली की दुर्बिणी घेऊन उभ्या असलेल्या ऑब्झर्व्हर कोअरच्या माणसांवर भिस्त असे. हे सारे टेलिफोनच्या तारांवर चाले आणि काही मिनिटांत उरकावे लागे. ही व्यवस्था सुरुवातीपासून निर्दोष नव्हती. 6 सप्टेंबर 1939 रोजी, युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, चुकीच्या इशाऱ्यामुळे स्पिटफायरांनी आपलीच दोन हरिकेन पाडली आणि एक वैमानिक मारला गेला. पुढच्या उन्हाळ्यात ती नीट चालली, कारण चार वर्षे सराव आणि दुरुस्त्या होत राहिल्या. याला योगायोग म्हणता येणार नाही.

हेकेखोरपणाबद्दल आपण जे लिहिले आहे ते खरेच आहे. 1916 मध्ये सोमच्या लढाईत थकलेल्या, निम्म्या झालेल्या स्क्वाड्रनला (विमानतुकडीला) विश्रांती द्यावी म्हणून ते आपले वरिष्ठ ट्रेंचर्ड यांच्याशी अडून बसले, आणि त्यानंतर त्या युद्धात त्यांना आघाडीवर नेमणूक मिळाली नाही. त्याच स्वभावाने त्यांनी 16 मे 1940 चे पत्र लिहिले. देशाच्या रक्षणासाठी 52 स्क्वाड्रन लागतील असे ठरले असताना हाती जेमतेम 36 उरल्या आहेत, आणखी विमाने फ्रान्सला पाठवत राहिलात तर तिथला पराभव टळणार नाही आणि इथला ओढवेल, असा त्याचा आशय होता. त्या पत्राने सारे एका दिवसात थांबले नाही, त्यानंतरही काही स्क्वाड्रन त्या लढाईत उतरल्या. पण वरिष्ठांना हे लेखी आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारा सेनापती हेकेखोरच असावा लागतो.

आता आपल्या बाजूचे. पार्क आणि ली-मॅलरी या त्यांच्या हाताखालच्या दोन ग्रुपप्रमुखांमधला वाद सेनापतीने मिटवायला हवा होता आणि डाउडिंग यांनी तो चिघळू दिला, यात शंका नाही. (हे ली-मॅलरी म्हणजे एव्हरेस्टवर नाहीसे झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचे धाकटे बंधू.) मात्र ली-मॅलरींच्या ‘बिग विंग’च्या, म्हणजे अनेक स्क्वाड्रन एकत्र करून मोठ्या जमावाने लढण्याच्या पद्धतीच्या, बाजूने आपण शत्रूची पाडलेली विमाने मोजता, ते आकडे त्या वेळचे दावे आहेत. 15 सप्टेंबरला एकंदर 185 विमाने पाडल्याचे जाहीर झाले होते, प्रत्यक्षात जर्मनांनी साठेक गमावली होती, आणि एका आभाळात जितके जास्त वैमानिक तितकी एकाच विमानाची मोजणी पुन्हा पुन्हा होते. या वादावर 17 ऑक्टोबरला हवाई मंत्रालयात झालेल्या बैठकीला ली-मॅलरी हे ‘बिग विंग’चे नेतृत्व करणारे स्क्वाड्रन लीडर बेडर यांना घेऊन गेले, तर पार्क यांच्या हाताखालचा एकही स्क्वाड्रन लीडर तिथे नव्हता. तिला निःपक्ष चौकशी म्हणणे कठीण आहे.

रात्रीच्या संरक्षणाबाबत आपला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. लंडन रोज रात्री जळत असताना, विमानात बसवायचे रडार आणि ब्यूफायटर हे रात्री लढणारे विमान तयार होईपर्यंत थांबा, हे उत्तर कोणत्याही सरकारला पचणारे नव्हते; माहिती गाळण्याचे काम ग्रुपकडे सोपवायलाही डाउडिंग यांनी नको तितका विरोध केला. तरी त्यांचे तांत्रिक निदान बरोबर होते. ब्यूफायटरने रडारच्या साहाय्याने पहिले विमान पाडले ते 19 नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे त्यांनी पद सोडण्याच्या आठवडाभर आधी.

वयाचे कारण मला टिकणारे वाटत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तच करायचे होते तर त्यांना लगेच विमान उत्पादन मंत्रालयाच्या कामासाठी अमेरिकेला का पाठवले, आणि प्रत्यक्ष निवृत्ती जुलै 1942 पर्यंत का लांबली? त्यांना बदलणे समर्थनीय होते, असे आपण म्हणालात तर मी वाद घालणार नाही. परंतु 1941 मध्ये हवाई मंत्रालयाने ब्रिटनच्या लढाईवर काढलेल्या पुस्तिकेत डाउडिंग यांचे नावच नव्हते आणि त्यावर खुद्द चर्चिल संतापले. पुढे मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स हा हुद्दा त्यांच्या जागी आलेल्या शोल्टो डग्लस यांना मिळाला, डाउडिंग यांना कधीच मिळाला नाही. रात्रीच्या अपयशाने यातल्या कशाचाही खुलासा होत नाही, आणि माझ्या लेखातली तक्रार एवढ्यापुरतीच होती.