ओल्या कचऱ्याची पिशवी आधी प्रकल्पाला विचारा

गोव्यातल्या गृहसंकुलांत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की एक मागणी हमखास येते : इंग्लंडसारख्या कंपोस्टेबल, म्हणजे खताच्या ढिगात कुजणाऱ्या, पिशव्या घरोघर वाटा, म्हणजे डबा बरबटणार नाही आणि लोक कचरा वेगळा ठेवतील. डब्यात पिशवी असली की लोक टिकून राहतात, हे इथेही दिसते. पण त्या पिशवीचे पुढे काय होते, ते कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये घराघरांतून दर आठवड्याला अन्नकचरा वेगळा उचलण्यासाठी सरकारने पालिकांना 31 मार्च 2026ची मुदत दिली. काहींना सवलत मिळाली. स्वयंपाकघरात 5 ते 7 लिटरचा डबा, दाराबाहेर 23 लिटरचा. हा कचरा मुख्यतः बायोगॅस प्रकल्पात जातो आणि तिथल्या पहिल्याच यंत्रात पिशवी फाडून बाजूला काढली जाते. ती मक्याच्या स्टार्चची आहे की पॉलिथिनची, हे यंत्राला कळत नाही. म्हणूनच अनेक पालिका साधी प्लास्टिक पिशवीही चालवून घेतात. काढलेल्या पिशव्या जाळायला जातात आणि त्यांना चिकटलेला भात-भाजीही त्यांच्याबरोबरच जाते. तेवढा गॅस बुडाला.

पिशवी आतच का राहू देत नाहीत? कंपोस्टेबलचे युरोपीय मानक ईएन 13432 आणि आपले आयएस 17088, दोन्हींतली चाचणी साधारण 58 अंशांवर, भरपूर हवेत होते. 12 आठवड्यांत तुकडे पडायचे आणि 180 दिवसांत 90 टक्के विघटन व्हायचे. बायोगॅसच्या टाकीत बहुधा 35 ते 40 अंश तापमान असते, प्राणवायू नसतो आणि कचरा तीन-चार आठवडेच राहतो. पिशवीतला स्टार्च विरघळतो, त्यात मिसळलेले पॉलिएस्टर तसेच उरते. त्याच्या पट्ट्या ढवळणाऱ्या पात्यांना आणि पंपांना गुंडाळल्या जातात, वर तरंगून साय धरतात आणि गॅस अडतो. मिलानमध्ये 2012पासून कंपोस्टेबल पिशव्या वापरात आहेत. तिथे जाळीदार डब्यात कचरा थोडा वाळतो आणि टाकीतून निघालेला गाळ पुढे हवेशीर ढिगात गरम कुजवतात. पिशवीला दुसरी संधी मिळते ती त्या ढिगात.

गोव्यातल्या साळगावचा कचरा प्रकल्प 2016मध्ये सुरू झाला. तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यातून वीज होते. अशा ठिकाणी जाणाऱ्या कचऱ्यासाठी सरकारी खर्चाने कंपोस्टेबल पिशव्या वाटणे मला पटत नाही. वर्तमानपत्र पुरते : दोन पूर्ण पाने आडवी-उभी घालून डब्याच्या तळाशी बसवा, आमटी-कढीचे पाणी आधी चाळणीत निथळू द्या, माशांची खवले-आतडी वेगळ्या कागदात गुंडाळा. कागद फाटला तर बहुधा पाणीच जास्त असते. कागद टाकीत काही प्रमाणात कुजतो. तिसऱ्या आणि खुबे या खायच्या शिंपल्यांची कवचे आणि नारळाच्या करवंट्या मात्र गॅसच्या कचऱ्यात नकोत. शिंपले तळाशी साचून पंप झिजवतात, करवंट्या कुजतच नाहीत. या मुद्द्यावर पिशवीपेक्षा जास्त बोलायला हवे.

दुकानातली पिशवी घेतलीच, तर नुसत्या ‘बायोडिग्रेडेबल’ शब्दावर जाऊ नका. आयएस 17088 आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. 31 डिसेंबर 2022पासून कॅरीबॅगला किमान 120 मायक्रॉन जाडीची अट आहे, कंपोस्टेबल पिशवीला ती नाही. त्यामुळे पातळ प्लास्टिक कंपोस्टेबल म्हणून हिरव्या रंगात विकणे सोपे जाते. खरी पिशवीही दमट हवेत कमकुवत होते. वर्षभराचा साठा करू नये.

घरच्या खड्ड्यात किंवा मातीच्या कुंडीत ही पिशवी घालूच नका. तेवढी उष्णता तिथे होत नाही. संकुलाचा स्वतःचा ढीग असेल, तर लांब दांड्याचा तापमापक अर्धा मीटर आत घाला. काही आठवडे 55 अंशांच्या वर टिकत असेल, तरच कंपोस्टेबल पिशव्या घ्या. एक घनमीटरपेक्षा लहान ढीग सहसा तेवढा तापत नाही, आणि मोठाही पावसाळ्यात उघडा ठेवला तर पाणी भरून हवा कोंडते नि थंड पडतो. जूनपूर्वी वर छप्पर हवे, आणि ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला जवळ साठवलेला हवा.